अंसप्रदेशीची दुखरी गाठ : नाव देण्याची घाई कशासाठी?

खांद्यावरची दुखरी गाठ दाखवायला येणारा रुग्ण बहुधा निदान बरोबर घेऊनच येतो. 'वाताची गाठ आहे', 'चरबीची गाठ धरली आहे', 'ओझे उचलताना शीर चढली आणि गोळा झाला' अशा दोन-चार वाक्यांपैकी एखादे वाक्य तो उच्चारतो आणि औषधाची वाट पाहत बसतो. खेड्यातून आलेला असेल तर गाठीवर चुना-गुळाचा थर चढलेला असतो किंवा बिब्बा उतून कातडी काळवंडलेली असते. शहरातला असेल तर दुकानातून मागून घेतलेल्या कांचनार गुग्गुळाची अर्धी डबी संपलेली असते. याबद्दल रुग्णाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे नाव दिले आहे. खेदाची बाब अशी की तेच नाव आपण केसपेपरवर संस्कृतात उतरवतो. 'वाताची गाठ' ही 'वातज ग्रंथी' होते, 'चरबीची गाठ' ही 'मेदोज ग्रंथी' होते, आणि निदान झाले असे मानून लेखणी औषधांकडे वळते. हे आपल्या व्यवसायात किती सर्रास चालते ते वैद्यबंधूंना मी सांगायला नको.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला मोठा दिलासा देऊन ठेवला आहे. सर्वच विकारांना निश्चित नाव असते असे नाही, तेव्हा विकाराचे नाव सांगता आले नाही तरी वैद्याने लाजू नये, असा त्या वचनाचा आशय आहे. आपण ते वचन परीक्षेत लिहिले, व्याख्यानांत ऐकले. परंतु ते कोणत्या अध्यायात आले आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. तो अध्याय त्रिशोथीय, म्हणजे सुजेचाच आहे. आणि त्याच ठिकाणी आचार्य पुढे सांगतात की विकाराची प्रकृती, त्याचे अधिष्ठान आणि त्याचे समुत्थान जाणून मगच कर्मास आरंभ करावा. सवलत आहे ती नावापुरती. या तीन गोष्टींच्या बाबतीत कोणतीही सवलत दिलेली नाही. खांद्यावरच्या गाठीपुढे आपला व्यवहार बरोबर याच्या उलट असतो. नाव आपण पहिल्या मिनिटाला देतो. अधिष्ठान आणि समुत्थान पाहायचे राहून जातात.

अधिष्ठानापासून आरंभ करू. अंसप्रदेशी त्वचा, मेद, मांस, स्नायू, सिरा, संधी आणि अस्थी इतक्या गोष्टी तळहाताएवढ्या जागेत एकत्र आल्या आहेत. गाठ यांपैकी कोणत्या थरात आहे हे पुष्कळ वेळा बोटांनीच कळते. त्वचेबरोबर गाठ उचलली जाते आणि मधोमध सुईच्या अग्राएवढा काळा ठिपका दिसतो, तर ती त्वचेतली पिशवी आहे. त्वचा तिच्यावरून मोकळी सरकते आणि बोट रेटले की कडा निसटते, तर ती त्वचेखालच्या मेदात आहे. यानंतर रुग्णाला दोन्ही हात भिंतीवर रेटून धरायला सांगावे. स्नायू ताठरल्यावर गाठ अधिक उठून दिसली तर ती स्नायूच्या वर आहे. दिसेनाशी झाली किंवा हलण्याची थांबली तर ती स्नायूत अथवा त्याखाली आहे. या एका परीक्षेला अर्धे मिनिट लागते, आणि खोलवरची गाठ ही वरवरच्या गाठीपेक्षा नेहमीच अधिक संशयास्पद मानावी लागते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेकवल्यावर गाठ उजळली तर आत पाणी आहे. उतारवयातील रुग्णाच्या खांद्याच्या अगदी टोकावर, जेथे अक्षकास्थी आणि अंसफलक भेटतात तेथे, अशी पाण्याची गाठ पुष्कळदा आढळते. तिचे मूळ गाठीत नसते. खांद्याच्या आतील झिजून फाटलेल्या कंडरांमुळे सांध्यातील द्रव वर येऊन तेथे साचतो. सुईने पाणी काढले तरी ती पुन्हा भरते, आणि रुग्ण मात्र 'औषध लागू पडले नाही' म्हणून वैद्य बदलत राहतो. जेथे गाठ दिसते तेथेच तिचे कारण असते असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मेदोज ग्रंथी म्हणजे लायपोमा हे समीकरण तर आता पाठ्यपुस्तकांतूनही रूढ झाले आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात मेदोज ग्रंथीचे जे वर्णन केले आहे ते एकदा शांतपणे वाचावे. ती फुटल्यावर तिळाच्या पेंडीसारखा आणि तुपासारखा स्राव येतो असे ते सांगतात. लायपोमा आपण होऊन फुटत नाही आणि त्यातून पेंडीसारखे काही वाहत नाही. वाहते ते त्वचेतल्या पिशवीतून, जिला आपण व्यवहारात आवाळू म्हणतो. हा केवळ शब्दांचा वाद नाही. लायपोमा सहसा दुखत नाही. तो दुखू लागला तर त्यात रक्तवाहिन्यांचा भाग अधिक आहे, नाडीवर दाब येतो आहे, की मुळात तो लायपोमाच नाही, हे पाहावे लागते. आवाळू मात्र पिकते, दुखते, आणि घरी पिळले तर आतली भिंत फुटून दाह भोवती पसरतो. दोहोंना एकच नाव दिले की वेदनेचा अर्थ लावण्याची सोयच नाहीशी होते.

आता अशा मुद्द्याकडे येतो ज्यात आपल्या शास्त्राने या जागेचे नावच घेतले आहे. प्रमेहपिडकांचे साध्यासाध्यत्व सांगताना सुश्रुताचार्य गुद, हृदय, शिर, पृष्ठ आणि मर्मे यांच्याबरोबर अंसाचा स्पष्ट उल्लेख करतात. दुर्बलाग्नी रुग्णाच्या या स्थानी उठलेल्या सोपद्रव पिडका त्यांनी वर्ज्य मानल्या आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात दिलेल्या घातक स्थानांच्या यादीतही अंस आहे. दोन भिन्न संप्रदायांच्या संहिता एकाच जागेबद्दल इशारा देतात, तेव्हा तो योगायोग समजून पुढे जाणे योग्य नाही. मानेचा मागचा भाग, खांदा आणि पाठीचा वरचा भाग हे काळपुळीचे आवडते ठिकाण आहे, हे आजचे शल्यतंत्रही मान्य करते. तेथील त्वचा जाड असते, पू सहजी वर येत नाही, आतल्या आत पसरतो. आरंभी दिसते ती फक्त एक टणक, लाल, ठणकणारी गाठ. चरकाचार्य असेही सांगतात की प्रमेह नसतानाही दुष्टमेद व्यक्तीला या पिडका होतात. आजच्या दवाखान्यात याचा प्रत्यय असा येतो की गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला मधुमेह आहे हे त्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नसते, त्याला स्वतःलाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चाळिशीच्या पुढचा, स्थूल, किंवा घराण्यात मधुमेह असलेला रुग्ण खांद्यावर दुखरी गाठ घेऊन आला तर लेपाचे नाव काढण्यापूर्वी त्याची रक्तशर्करा पाहावी. ग्लुकोमीटर आज बहुतेक दवाखान्यांत आहे. त्याचा उपयोग करणे हा प्रमेहपिडकेच्या अध्यायाचा अभ्यासच आहे. त्यात कोणाचे अनुकरण नाही.

याहून अधिक विवेक लागतो तो आम, पच्यमान आणि पक्व या अवस्था ओळखताना. सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय आपण सर्वांनी घोकला आहे. कच्चा शोथ अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा या दोघांनाही सुश्रुताचार्य एकाच हीन पंक्तीला बसवतात, हेही आपल्या लक्षात असते. परंतु व्यवहारात फसगत होते ती वेदनेच्या चढ-उतारामुळे. पच्यमान अवस्थेत रुग्णाला बसता-निजता चैन पडत नाही. सुया टोचल्यासारखे, मुंग्या डसल्यासारखे होते. पू तयार झाला की वेदना उतरते, लाली फिकी पडते, त्वचेला सुरकुत्या पडतात. नेमक्या त्याच दिवशी रुग्ण प्रसन्न मुद्रेने सांगतो, 'वैद्यराज, तुमच्या औषधाने निम्मा आराम पडला.' अशा वेळी वैद्यालाही तो उपशय वाटला तर नवल नाही. पण तो उपशय नसून पाक पूर्ण झाल्याचे लक्षण असते. त्यातच रुग्ण वेदनाशामक गोळ्या घेत असेल तर वेदनेवरून अवस्था ठरवणे अधिकच बेभरवशाचे होते. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो का, एका बाजूला दाबले असता दुसऱ्या बाजूस द्रव सरकल्याचे जाणवते का, हे दर दोन दिवसांनी पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही. आचार्यांनी तर याच्याही पुढचा धोका सांगून ठेवला आहे. कफज किंवा आघातज शोथ खोलवर असेल तर पक्वाची सगळी लक्षणे दिसत नाहीत. त्वचेचा रंग बदलत नाही, स्पर्श थंड लागतो, वेदना थोडी असते, गाठ दगडासारखी घट्ट असते, आणि तेथे वैद्य मोहात पडतो. जाड स्नायूंखाली दडलेल्या खांद्यावरच्या विद्रधीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. असा मोह टाळण्यासाठी आज आपल्याजवळ सोनोग्राफी आहे. सुश्रुताचार्यांना ती उपलब्ध असती तर त्यांनी ती वर्ज्य मानली असती असे निदान मला तरी वाटत नाही.

समुत्थान विचारून काढावे लागते. सुश्रुताचार्यांनी पाच ज्ञानेंद्रियांबरोबर प्रश्न हे परीक्षेचे सहावे साधन मानले आहे, आणि गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी काट बसते ती याच साधनाला. रुग्ण काय काम करतो? खांद्यावर काय वाहतो? कोणत्या कुशीवर झोपतो? दंडात इंजेक्शन कधी घेतले? (२०२१ साली कोविडच्या लसीनंतर काखेत आणि अक्षकास्थीच्या वर अवधाण आल्याने घाबरलेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. ते काही आठवड्यांत उतरत असे. पण लसीची तारीख विचारली तरच त्याचा उलगडा होई.) बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारे पन्नाशीचे एक हमाल माझ्याकडे आले होते. उजव्या खांद्यावर दहा वर्षांची मऊ गाठ, कधी न दुखलेली. दोन महिन्यांपासून दुखू लागलेली. जुनी गाठ नव्याने दुखू लागली की तिला नवी गाठ समजून नव्याने तपासावे, असा माझा परिपाठ आहे. तपासणीत ती ओझ्याच्या सततच्या घर्षणाने तयार झालेली द्रवाची पिशवी निघाली. दोन महिन्यांपूर्वी काय बदलले, असे विचारता कळले की जोडीदार गेल्याने ते आता सगळी पोती एकाच खांद्यावर घेत होते. खांदा बदलणे, जाड चुंबळ ठेवणे आणि काही दिवस विश्रांती, एवढ्यावर वेदना थांबली. निदानपरिवर्जन हा शब्द आपण सहज उच्चारतो; परंतु कारण सापडलेलेच नसेल तर परिवर्जन कशाचे करणार? चैत्रात शिखर शिंगणापूरला कावड चढवून आलेल्या भक्ताचा सुजलेला खांदा आणि या हमालाचा खांदा वरून सारखेच दिसतील. एकाची सूज आठवड्यात उतरेल, दुसऱ्याची ओझे न बदलल्यास वर्षभर हटणार नाही.

जी कारणे विरळ आहेत त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण विरळ म्हणजे नगण्य नव्हे. दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींच्या खांद्याजवळ हाडासारखी घट्ट गाठ लागली तर एक्स-रेशिवाय तिला हात लावू नये. तेथे अस्थीची निरुपद्रवी वाढ असू शकते. तशीच अस्थीच्या घातक अर्बुदाची सुरुवातही असू शकते. गुडघ्याभोवतीची दोन ठिकाणे सोडली तर हे अर्बुद सर्वाधिक आढळते ते दंडाच्या वरच्या टोकाशी. 'खेळताना मार लागला' हा इतिहास या वयात जवळजवळ प्रत्येकच मुलाला असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. रात्री झोपेतून उठवणारी वेदना मात्र फार बोलकी असते. तंबाखू ओढणाऱ्या प्रौढाचा खांदा दुखतो, वेदना करंगळीपर्यंत उतरते, अक्षकास्थीच्या वर भरीवपणा लागतो आणि त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली दिसते, तर खांद्याचा विचार सोडून छातीचा एक्स-रे काढावा. अपचीच्या स्थानांत आचार्यांनी अक्षक आणि बाहुसंधी दोन्ही सांगितली आहेत; दीर्घकाळ रेंगाळणारी, एकीमागून एक उठणारी, फुटून वाहणारी गाठ दिसली की क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून आपल्यावरही बंधनकारक आहे.

वेदनेसंबंधी एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आढळतो. 'दुखत नाही, म्हणजे साधी' असे काही म्हणतात आणि 'दुखते, म्हणजे वाताची, कर्करोग दुखत नाही' असे काही म्हणतात. सुश्रुताचार्यांनी मांसार्बुद वेदनारहित, दगडासारखे आणि अचल सांगितले आहे. सिराज ग्रंथी दुखरी आणि चल असेल तर कृच्छ्रसाध्य, न दुखणारी, अचल आणि मर्मोत्थित असेल तर त्याज्य मानली आहे. म्हणजे वेदना एकटी काहीच ठरवीत नाही. तिच्या जोडीला चलत्व, काठिण्य, आकार आणि वाढ पाहायची असते. पाच सेंटीमीटरहून मोठी, खोलवरची, वाढत जाणारी किंवा एकदा काढल्यावर पुन्हा उद्भवलेली गाठ दुखो वा न दुखो, तिच्यावर मर्दन, स्वेदन, अग्निकर्म वा जलौका यांचा प्रयोग निश्चितीपूर्वी करू नये, असे माझे आग्रही मत आहे.

कांचनार गुग्गुळाशी माझे वैर नाही. शार्ङ्गधरांनी गंडमाळा, अपची, ग्रंथी, अर्बुद यांवर तो सांगितला आहे आणि योग्य रुग्णात तो मीही देतो. आक्षेप आहे तो निदानाची जागा त्याने घेण्याला. 'देऊन पाहू, उतरली तर ठीक' याला काही जण उपशयाने निदान म्हणतात. उपशय हे निदानपंचकातील एक अंग आहे. परंतु गूढलिंग व्याधीत, बाकीची परीक्षा झाल्यावर, मुदत ठरवून वापरायचे. ज्या गाठीचा आकार पहिल्या दिवशी मोजून लिहिलेलाच नाही, तिचा उपशय महिन्याने कशावरून ठरवणार? फूटपट्टीने मोजून सेंटीमीटरमध्ये नोंद करावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. त्यात उतार नसेल तर मात्रा वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली. त्यावरून देशभर किती गदारोळ झाला ते वाचकांच्या स्मरणात असेल. त्या यादीत साध्या ग्रंथी आणि सौम्य अर्बुदे काढण्याचा समावेश आहे. आपण अधिकाराविषयी पुष्कळ लिहिले, बोललो. पण त्या तरतुदीतला कळीचा शब्द 'सौम्य' हा आहे, आणि गाठ सौम्य आहे हे शस्त्र उचलण्यापूर्वी ठरवायचे असते. लायपोमा समजून काढलेली खोल गाठ नंतर घातक निघाली तर पुढची शस्त्रक्रिया कितीतरी मोठी करावी लागते, आणि ही आपत्ती कोणत्याही पॅथीच्या शल्यकावर सारखीच येते. अंस हे मर्म आहे, त्याच्या आघाताने बाहू जखडतो, हे तर आपल्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. काढलेली प्रत्येक गाठ, कितीही क्षुल्लक वाटली तरी, पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवण्याची सवय आपल्या रुग्णालयांनी लावून घ्यावी.

औषधी विक्रेते बांधवांशीही थोडे बोलायचे आहे, कारण हे त्रैमासिक त्यांच्याही हाती जाते. 'कोणतीही गाठ विरघळवणारे औषध मिळेल' अशी पाटी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी वाचली आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग आणि अर्बुदे ही दोन्ही आहेत, हे त्या दुकानदाराला बहुधा माहीत नसावे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. गिऱ्हाईक गाठीचे औषध मागते तेव्हा 'किती दिवसांची? वाढते आहे का? ताप येतो का? साखर आहे का?' हे चार प्रश्न विचारायला दुकानात वेळ असतो. उत्तर संशयास्पद वाटले तर डबीऐवजी जवळच्या वैद्याचा पत्ता द्यावा. आज एक डबी कमी खपेल, हे मी नाकारत नाही.

'आमचा रुग्ण गरीब, त्याला तपासण्या कुठल्या परवडणार?' हा आक्षेप मी सभांमधून अनेकदा ऐकला आहे आणि तो खोटा नाही. परंतु वर सांगितलेल्या परीक्षेचा मोठा भाग बोटे, टॉर्च, फूटपट्टी आणि प्रश्न यांनी होतो. त्यातून ज्यांना पुढे पाठवायचे असे थोडेच उरतात, आणि त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालये आहेत. महिनोन्‌महिने निष्फळ औषधे घेण्याचा खर्च गरीब रुग्णच सोसत असतो, हेही हिशेबात धरावे. पाठवताना मात्र कोऱ्या हाताने पाठवू नये. गाठ कोठे आहे, किती सेंटीमीटरची, कोणत्या थरात, केव्हापासून, वाढीचा वेग काय, काखेत व मानेत अवधाण आहे का, रक्तशर्करा किती, आजवर कोणती औषधे व लेप झाले, हे स्वच्छ अक्षरात लिहून द्यावे आणि खाली आपले नाव, पदवी व नोंदणी क्रमांक घालावा. अशी चिठ्ठी मिळाल्यावर समोरचा शल्यचिकित्सक दूरध्वनी करून रुग्णाची माहिती कळवतो, असा माझा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे.